हप्त्याचा स्मार्टफोन की बटणाचा फोन आणि वेगळा प्लेअर: घेण्याआधीचा हिशोब

दुकानात फोन घ्यायला आलेल्या माणसाला मी बजेट नंतर विचारतो. आधी विचारतो, रोज या फोनवर काय काय करणार? गंगाखेडला माझं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे आणि या प्रश्नाची उत्तरं आता पाठ झालीत. पन्नाशीच्या पुढची माणसं म्हणतात, "बोलायला अन् कीर्तन ऐकायला." ऊसतोडीला जाणारी पोरं म्हणतात, "घरी फोन लावायला अन् गाणे." लातूरला क्लासला लेक ठेवलेली आई म्हणते, "तिला लेक्चर बघायचेत, बाकीचं काहीच नको." आणि यातल्या बहुतेकांच्या हातात बारा-पंधरा हजारांच्या स्मार्टफोनचं पत्रक असतं, वर मोठ्या अक्षरात 'शून्य व्याज'.

बोलणं हे एक काम, ऐकणं-बघणं हे दुसरं. दोन्हीला दोन वस्तू घेतल्या तर घरातून किती पैसा कमी जातो आणि कुठं खरोखर स्मार्टफोनच लागतो, हे प्रत्येकाला स्वतः काढता आलं पाहिजे. फोन विकणं हा माझा धंदा आहे. तरी हे लिहितो, कारण हप्ता थकला की माणूस आधी माझ्याच काउंटरला येऊन उभा राहतो आणि तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

ही दोन कामं एका यंत्रात आली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड हा अॅपल कंपनीचा गाण्यांचा प्लेअर आला तेव्हा जगभर गाण्यांचं यंत्र एका खिशात आणि फोन दुसऱ्या खिशात असायचा. २००७ साली आयफोन आला, दोन्ही एकत्र झालं, आणि मे २०२२ मध्ये आयपॉड बनवणंच बंद झालं. अमेरिका-इंग्लंडात स्मार्टफोन पसरला तो नेटवर्क कंपनीच्या दोन-दोन वर्षांच्या करारावर: फोन आणि महिन्याचं बिल एकाच कागदात. आपल्याकडं प्रीपेडची सवय, त्यामुळं तसा करार रुजला नाही. अधूनमधून प्रयत्न मात्र झाले. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपये भरून फोन हातात दिला होता आणि बाकीचं पुढं फेडायचं होतं. २०२१ साली जिओफोन नेक्स्ट आला. रोख किंमत ६,४९९. करारावर घेतला तर आधी १,९९९ आणि ५०१ फाईल चार्ज, मग एका योजनेत २४ महिने ३०० रुपये. बेरीज ९,७००. त्या ३०० मध्ये महिन्याचा रिचार्जही धरलेला होता हे खरं, पण तो ५ जीबी आणि १०० मिनिटांचा. रोज अर्धा तास लेकीशी बोलणाऱ्या आईला १०० मिनिटं चार दिवससुद्धा पुरत नाहीत.

आज गावोगावच्या दुकानात जो करार होतो तो नेटवर्क कंपनीशी नसतो, फायनान्स कंपनीशी असतो, आणि रिचार्ज त्याच्यावर वेगळा. म्हणजे दोन्ही खर्च दोन ठिकाणी विखुरलेले. ते आधी एका कागदावर आणा.

कागद घ्या आणि कामं लिहा

घरात कोण कोण आहे ते लिहा आणि प्रत्येकाच्या नावापुढं रोजची कामं. कामं नेमकी लिहा. 'मोबाईल पाहिजे' हे काम झालं नाही. 'सकाळी हरिपाठ, दुपारी रानात गाणी, संध्याकाळी पुण्याच्या पोराला फोन' ही कामं झाली.

मग प्रत्येक कामापुढं लिहा: याला नेट लागतं का? पडदा लागतो का? आणि हेच काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर होतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. ई-पीक पाहणीचंच घ्या. त्यासाठी स्मार्टफोन लागतो, बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढावा लागतो, त्याशिवाय सातबाऱ्यावर पीक चढत नाही. पण एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते. पोराच्या फोनवरून बापाची, चुलत्याची आणि शेजाऱ्याची पाहणी होऊन जाते. वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या या कामासाठी घरात तीन स्मार्टफोन कशाला? ओटीपी तर साध्या मेसेजवर येतो, तो बटणाच्या फोनवरही येतोच. पैसे पाठवायचं म्हणाल तर *९९# आहे, आणि २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. हे दोन्ही बटणाच्या फोनवर, नेट नसताना चालतं. स्मार्टफोनइतकं सोपं नाही हे मी मान्य करतो. रोज दहा व्यवहार करणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये. महिन्यात दोन-चार वेळा करणाऱ्याला ते पुरतं.

'शून्य व्याज' उघडून बघा

आता हप्त्याचा हिशोब. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या पत्रकावरचे घालून तुम्ही करा.

फोनची किंमत १२,०००. डाउन पेमेंट ३,०००. उरलेल्या ९,००० चे नऊ हप्ते, प्रत्येकी १,०००. बघायला व्याज कुठंच नाही. पण फाईल चार्ज म्हणून जीएसटीसह ७०० रुपये गेले. तोच फोन रोखीनं घेतला असता तर दुकानदारानं घासाघीस करून ११,३०० ला दिला असता. हप्त्यावर ती ७०० ची सूट मिळत नाही. म्हणजे १,४०० रुपये जास्त गेले, ९,००० च्या कर्जावर, तेही नऊ महिन्यांत. आणि ते ९,००० नऊ महिने पूर्ण तुमच्याकडं राहिलेच नाहीत, दर महिन्याला हजार परत गेले. सरासरी काढली तर तुम्ही ५,००० रुपये नऊ महिने वापरलेत आणि त्याला १,४०० मोजलेत. वर्षाच्या हिशोबानं हा दर पस्तीस टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, खर्च कुठंतरी दडवलेला असतो. त्याच्यावर तुम्हाला न विचारता 'स्क्रीन प्रोटेक्शन प्लॅन' चिकटवला असेल, समजा १,२०० चा, तर बारा हजारांचा फोन तुम्हाला १३,९०० ला पडला.

हे तोंडी ऐकू नका, कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक कर्जासोबत 'मुख्य तथ्य विवरण' नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि तो तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचा नियम आहे. त्यात नसलेला चार्ज तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला तो कागद किमान तीन कामाचे दिवस ग्राह्य राहतो. म्हणजे काय, की तो घरी न्या, पोरीला दाखवा, रात्रभर विचार करा, आणि मग या. "ऑफर आजच्या दिवसच हाय" असं कुणी म्हणालं तर त्याला हा नियम सांगा.

आता माझ्या मते यातला सगळ्यात मोठा मुद्दा, आणि तो व्याजाचा नाही. हप्ता बनवलेला आहे पगारदार माणसासाठी. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. आपल्याकडं किती घरांत महिन्याला पैसा येतो? सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकतं. कापूस दसऱ्यापासून वेचणीवेचणीनं येतो. तूर संक्रांतीनंतर. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला उचल एकदाच मिळते, ती घराच्या देण्याघेण्यात तिथंच संपते, आणि मग सहा महिने कोयता चालवून ती फेडायची असते. अशा खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला हजार रुपये आपोआप कापायची परवानगी तुम्ही सही करून देता. मार्च-एप्रिलमध्ये खातं रिकामं असतं. हप्ता परतला की बँक वेगळा दंड लावते, फायनान्सवाला वेगळा, दोन्हीवर जीएसटी. शिवाय हप्त्याच्या पुष्कळ फोनांत लॉकचं अॅप टाकलेलं असतं. हप्ता चुकला की पडदा बंद. ज्या फोनवर मुकादमाशी बोलायचं, घरी लेकराची खबर घ्यायची, तोच नेमका त्या दिवशी मुका होतो. आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, जो डाग पडतो तो पुढं पीककर्जाच्या किंवा ट्रॅक्टरच्या वेळी वर येतो.

म्हणून ज्यांचा पैसा हंगामी, त्यांनी मासिक हप्ता घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. फोन घ्यायचाच असेल तर सोयाबीनच्या पैशात रोखीनं घ्या, नाहीतर भिशी लागल्यावर घ्या.

रिचार्जचाही हिशोब धरा

लोक फोनच्या किमतीवर तासभर घासाघीस करतात आणि रिचार्जचा विचारच करत नाहीत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. तेव्हा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा जिओचा प्लॅन २३९ वरून २९९ वर गेला. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे, वर्षात तेरा वेळा भरावं लागतं. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये वर्षाला, एका सिमचे.

दुसरीकडं, डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं नियम केला की नेट न वापरणाऱ्यांसाठी फक्त बोलण्याचा आणि मेसेजचा प्लॅन द्यावाच लागेल. जानेवारी २०२५ पासून ते आले. त्या महिनाअखेरीस ८४ दिवसांचे साडेचारशे-पावणेपाचशेच्या घरात होते आणि अकरा-बारा महिन्यांचे साडेसतराशे ते साडेअठराशेच्या घरात. हे प्लॅन काउंटरवर पुढं करून कुणी सांगत नाही. तुम्हीच विचारायचे: "फक्त बोलण्याचा, वर्षाचा कितीला हाय?" आजचा दर तेव्हाच कळेल.

आता दोन वर्षांची बेरीज मांडू. हप्त्याचा स्मार्टफोन १३,९०० आणि दोन वर्षांचा रिचार्ज ७,७७४, मिळून २१,६७४. यात काच फुटली तर ते वेगळं. बटणाचा फोरजी फोन १,८०० धरा, कार्डाचा स्पीकर ९००, मेमरी कार्ड ४००, आणि बोलण्याचा रिचार्ज दोन वर्षांचा ३,७००. मिळून ६,८००. फरक जवळजवळ पंधरा हजारांचा. शेळी येते एवढ्यात.

बटणाचा फोन घेताना

सिम कोणतं आहे ते आधी बघा. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळं हजार रुपयांच्या जुन्या धाटणीच्या टूजी फोनात जिओचं सिम घातलं तर फोन लागणार नाही. त्याला फोरजी आणि व्होल्टी (फोरजीवरूनच बोलायची सोय) असलेलाच बटणाचा फोन लागतो. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल असेल तर टूजी फोन चालतो. जिओ भारत नावाचा फोन २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला, स्वस्त आहे, पण त्यात जिओशिवाय दुसरं सिम चालत नाही. तुमच्या तांड्यावर, वाडीवर कोणतं नेटवर्क धरतं ते तुम्हालाच माहीत. आमच्या तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात एका टेकडीआड एक कंपनी धरते, पलीकडं दुसरी. अशांनी दोन सिमचा आणि कुठलंही सिम चालणारा फोन घ्यावा.

दुकानात स्वतःचं सिम घालून घरी एक फोन लावा. आवाज दोन्हीकडून नीट येतो का बघा. बटणं अंगठ्यानं दाबून बघा, म्हाताऱ्या माणसाच्या नखाला ती वेगळी-वेगळी लागली पाहिजेत. रेडिओ असेल तर इअरफोन न लावता लागतो का विचारा. आणि एक लक्षात ठेवा, फोनमधल्या रेडिओवर एफएम लागतं, मध्यम लहरींवरची आकाशवाणी लागत नाही. ज्या आजोबांना तीच ऐकायची सवय आहे त्यांना वेगळा रेडिओच द्या.

बटणाच्या फोनातही कार्डाची जागा असते, मग वेगळा प्लेअर कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. बॅटरीसाठी. फोनवर दिवसभर गाणी लावली तर संध्याकाळी बोलायला चार्जिंग उरत नाही. रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला रानात गेलेल्या माणसाच्या फोनला चार्जिंग असलंच पाहिजे, तिथं सापकिरडू असतं, तारा असतात. गाण्यांचा डबा बंद पडला तर करमणूक थांबेल, पण फोन बंद पडता कामा नये. ऊसतोडीच्या खोपीतही तेच. लाईट नसते, चार्जिंग ट्रॅक्टरवर नाहीतर चहाच्या हॉटेलात. तिथं तीन-चार दिवस टिकणारा फोन सोन्याच्या भावाचा.

प्लेअर आणि कार्ड

प्लेअरमध्ये आमच्याकडं सगळ्यात जास्त चालतो तो कार्ड आणि पेनड्राईव्ह लागणारा छोटा स्पीकर, ज्याच्यावर ० ते ९ आकड्यांची बटणं असतात. १२५ दाबलं की १२५ वं गाणं वाजतं. लिहितावाचता न येणाऱ्या पण आकडे ओळखणाऱ्या माणसाला यासारखी सोय नाही. घेताना मागचं झाकण उघडून बॅटरी बघा. नोकियाच्या जुन्या फोनांत असायची ती बीएल-५सी असेल तर उत्तम. ती कुठंही मिळते, हातानं बदलता येते. आत सोल्डर करून बसवलेली बॅटरी असेल तर दोन वर्षांनी दुरुस्तीला यावं लागतं. गाणी भरूनच येणारा सारेगामाचा कारवाँ २०१७ पासून आहे, पहिल्या कारवाँत पाच हजार हिंदी गाणी होती. ज्याला जुनी सिनेमाची गाणी पाहिजेत आणि कार्डाची कटकट नको त्याला तो चांगला, पण किंमत साध्या स्पीकरच्या कितीतरी पट.

कार्ड ३२ जीबीचंच घ्या. त्याच्या वरची कार्डं वेगळ्या पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतात आणि स्वस्त प्लेअरला ती वाचता येत नाहीत. तीन-चारशे रुपयांत 'एक टीबी' लिहिलेलं कार्ड मिळतं ते खोटं असतं. आत थोडीच जागा असते आणि ती भरली की जुनं मिटत जातं. ३२ जीबी पुरतं का? साध्या एमपी-थ्री फाईलीला (१२८ केबीपीएस दर्जाच्या) मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे पाचशे तासांचा आवाज मावतो. दोन तासांचं कीर्तन सव्वाशे एमबीच्या आत बसतं.

कार्ड भरायची एक पद्धत आहे. पांढऱ्या शुभ्र नऊवारीतल्या एक मावशी दरवर्षी दिंडीला जायच्या आधी कार्ड घेऊन येतात, त्यांच्यासाठी मी जसं करतो तसं सांगतो. त्या म्हणतात, "दादा, मला ते खाली-वर बटनं दाबत बसायचं जमत नाही. आकडा दाबला की माझं लागलं पाहिजे."

कार्ड आधी फॅट-३२ या, स्वस्त प्लेअरला वाचता येणाऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करायचं. संगणकावर सगळ्या फाईलींना ००१, ००२, ००३ असे आकडे पुढं लावायचे. मग त्या एकदम न टाकता, आकड्यांच्याच क्रमानं कार्डात टाकायच्या. कारण हे स्वस्त स्पीकर बहुधा नावाकडं बघत नाहीत, जी फाईल आधी कार्डात गेली ती पहिली वाजते. इथंच बहुतेकांचं चुकतं आणि मग 'मशीन खराब हाय' म्हणून स्पीकर परत येतो. दोन तासांचं कीर्तन अख्खं टाकायचं नाही. बंद करून परत लावलं की बरेच स्पीकर ते पहिल्यापासून सुरू करतात. वीस-वीस मिनिटांचे तुकडे करायचे, म्हणजे मावशींना लक्षात राहतं की काल ४३ झालं, आज ४४. शेवटी एका जाड कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून द्यायचं: १ हरिपाठ, २ ते २५ जनाबाईचे अभंग, २६ पासून पुढं कीर्तनं. त्याच्यावर पारदर्शक टेप लावून तो स्पीकरच्या पाठीला चिकटवायचा. गंगाखेड जनाबाईचं गाव, त्यामुळं दोन नंबरपासून काय ठेवायचं हे इथं कुणाला विचारावं लागत नाही.

कार्डात भरायचं कुठून, हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवा. गावच्या सप्ताहातलं कीर्तन महाराजांना विचारून रेकॉर्ड केलं तर ते तुमचं. घरातल्या जुन्या कॅसेटी आणि सीड्या संगणकावर उतरवता येतात. स्मार्टफोनवरच्या अॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी मात्र कार्डात निघत नाहीत, ती त्याच अॅपमध्ये आणि वर्गणी चालू असेपर्यंतच वाजतात. हे माहीत नसल्यानं वर्षाची वर्गणी भरून नंतर निराश झालेली माणसं मी बघितलीत.

घरातला जुना स्मार्टफोन हाच प्लेअर

पोराचा जुना फोन, ज्याची सिमची जागा मोडली किंवा माईक गेला, तो कपाटात पडून असतो. तो सिम न घालता प्लेअर म्हणून वर्षानुवर्षं चालतो. बॅटरी फुगली असेल, म्हणजे मागचं झाकण वर आलं असेल, तर आधी ती बदला. तसा फोन चार्जिंगला लावू नका, उशीखाली तर अजिबात नको. नवी बॅटरी बसवायला पाचशे ते हजार रुपये लागतात. मग फोन पूर्ण रिकामा करा, व्हीएलसी नावाचं फुकट अॅप टाका, फाईली भरा आणि फ्लाईट मोडवर ठेवा.

लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या मुलामुलींना मी हाच मार्ग सांगतो: बोलायला बटणाचा फोन, लेक्चरला बिनसिमचा जुना फोन नाहीतर वाय-फायचा टॅब. आधी क्लासला एक गोष्ट विचारून घ्या, लेक्चरची फाईल देता की तुमच्या अॅपमध्येच बघावं लागतं? फाईल मिळत असेल तर प्रश्न मिटला. अॅपच असेल तर लॉगिनला नेट लागणार, मग होस्टेलच्या वाय-फायवर ते उतरवून घ्यायचं आणि बाकी वेळ नेट बंद. एक वडील परवा म्हणाले, "पण तिच्या मैत्रिणीकडं चांगला फोन हाय, तिला वाईट वाटंल की." वाटेल, मला ते दिसतं. म्हणून मी मुलीसमोरच सगळा हिशोब मांडायला सांगतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला घरच्या पैशाचं सगळं कळतं, आपणच तिला विचारत नाही.

स्मार्टफोन कुणी घ्यावा

ज्याचं पोट त्यावर चालतं त्यानं जरूर घ्यावा. दूध-भाजी विकून यूपीआयनं पैसे घेणारी बाई, टेम्पोवाला, आशाताई, बचत गटाच्या नोंदी ठेवणारी. ज्यांची लेकरं लांब आहेत आणि व्हिडिओ कॉलवर नातू बघणं हाच दिवसाचा आनंद आहे त्यांनीही घ्यावा, त्यात काटकसर नको. ज्यांना दिसत नाही त्यांना तर फोन स्वतः बोलून दाखवतो, ती सोय बटणाच्या फोनात क्वचितच असते.

वापरलेला घेत असाल तर बिल मागा, *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-आकडा, खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना, ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि महिन्याला पगार आहे, हप्त्यावरच घ्यायचं ठरलं, तर कमीत कमी महिन्यांचा हप्ता घ्या. प्रोटेक्शन प्लॅन नको असेल तर बिल फाडायच्या आधी काढायला लावा. हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांची ठेवा. शेवटचा हप्ता गेला म्हणून गप्प बसू नका. फायनान्सवाल्याकडून कर्ज फिटल्याचं पत्र घ्या, लॉकचं अॅप टाकलेलं असेल तर ते काढायला लावा, खात्यातून कापायची परवानगी बंद झाली का बँकेत विचारा, आणि दोनेक महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढून त्यावर हे कर्ज 'बंद' दिसतंय का बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. दिसत नसेल तर ते पत्र घेऊन तिथंच तक्रार नोंदवा.